चेअरमनचा ओटा

५ जानेवारी २०२५, रविवार

ही डायरी आमच्याच पतसंस्थेची. दर जानेवारीत सभासदांना वाटतो. पहिल्या पानावर चेअरमनचा, म्हणजे माझा, फेटा बांधलेला फोटो आहे. चांगला आला आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी 'विश्वास हीच ठेव' असं छापलंय, ते माझंच सुचवणं. गेल्या वर्षीच्या डायरीत सौ.ने दुधाची मापं लिहिली. यंदा मी स्वतः लिहायचं ठरवलं आहे. सार्वजनिक जीवनातल्या माणसाने नोंद ठेवावी.

पहिली नोंद अशी, की सौ.ला स्वयंपाकघर पाडून नवीन करायचं आहे.

आमचा ओटा वडिलांनी बांधलेला. कडप्प्याचा, आईच्या मापाचा, आणि आई होती ठेंगणी. मोरी कोपऱ्यात, जमिनीलगत. भांडी बसून घासायची. ह्याच ओट्यावरचं खाऊन मी मांडवगणात पतसंस्थेचा चेअरमन झालो, कुणाचं काही अडलं नाही. पण सौ. म्हणते, "वाकून वाकून पाठीचा काटा ढिला झालाय. आन् मोरीत बसलं की उठताना भिंतीला धरावं लागतंय." वयाप्रमाणे सगळ्यांचंच होतं, असं मी तिला सांगितलं. हल्ली ती भाकरी थापायलाही स्टुलावर बसते. टीव्हीवर बघून असेल.

गोकुळ मिस्त्री टेप घेऊन आला होता. ग्रॅनाइट, सिंक, ट्रॉल्या, फरशी, सगळं धरून साडेतीन लाखांत बसवतो म्हणाला. सौ.ची अट एकच, पाडव्याच्या आत झालं पाहिजे. बायकांना मुहूर्ताचं फार असतं. मी हो म्हणालो. मी नाही म्हटलं असतं तरी चाललं नसतं, हे खासगीत लिहायला हरकत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

पैसा कुठून आणायचा याचा आज शांतपणे विचार केला. पैसा नाही असं नाही. बारा एकर ऊस उभा आहे. पण तोड फेब्रुवारीच्या शेवटी, बिल त्यानंतर, आणि त्यातून नवी पाइपलाइन करायचं आधीच ठरलंय.

माझी स्वतःची मुदत ठेव पतसंस्थेत आहे. पण चेअरमनने ठेव मोडली असं गावात कळलं तर? आमचा मॅनेजर बाळासो कामाला वाघ आहे, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. ठेव न मोडता तिच्यावर कर्ज काढता येतं, रोज चार लोक काढतात, व्याजही कमी पडतं. पण तेही बाळासोच्याच हातून होणार. शिवाय संचालकांनी घरखर्चाला संस्थेचं कर्ज घेऊ नये, असं मीच वार्षिक सभेत टाळ्यांच्या गजरात सांगून बसलोय. ठेवीवरचं कर्ज त्यात येत नाही, हे मला माहीत आहे, पण टाळ्या वाजवणाऱ्यांना कोण समजावणार?

मुलाला, विश्वजीतला, फोन केला. तो सणसवाडीला कंपनीत सुपरवायझर आहे. म्हणाला, "आप्पा, कशाला टेन्शन घेताय? मोबाईलवर पर्सनल लोन दोन मिनिटांत मिळतंय. चिमणी आन् ट्रॉल्या इएमआयवर टाकू." त्याचा व्याजदर ऐकून मला ठसका लागला. आणि मुलाच्या पगारातून बापाचा ओटा? नको.

विकास सोसायटीचं पीककर्ज काढून कपबशांची ट्रॉली करणं मला पटत नाही. ऊस काय म्हणेल?

सौ.च्या भिशीत तिची चिठ्ठी अजून निघालेली नाही. ती म्हणाली, "बायकांना सांगून माझी आधी घेते." बायकांना सांगून! मी साफ नको म्हटलं.

शेवटी तीच म्हणाली, "माझ्या पाटल्या आन् मोहनमाळ ठेवा. कपाटात झोपल्यात. जरा कामाला लावा त्यांना."

बाई कधी कधी बरं बोलते. पण ठेवायच्या कुठे? आमच्याच संस्थेत सोनेतारण आहे, म्हणजे पुन्हा बाळासो. शिरूरला जावं तर तिथे निम्मा तालुका मला ओळखतो. तेव्हा नदीपलीकडे, यवतला. दौंड तालुका, हायवेचं गाव, कोण कुणाला विचारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमची साडेतीनची, पण तत्त्व तेच.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

घरात हळदीकुंकू. बायकांनी स्वयंपाकघर पाहून माना डोलावल्या. साखरबाई आली होती. ही माझी लांबची चुलती, वय ऐंशीच्या घरात. नवऱ्यामागे कांदे विकून साठवलेला सगळा पैसा तिने आमच्याकडे ठेवलाय. संस्थेत आली की माझ्या केबिनमध्ये न विचारता बसते. तिळगूळ देताना मला म्हणाली, "पोपट, गोड बोल. आन् बायकूसंग जरा जास्त बोल."

मी सगळ्यांशी गोडच बोलतो.

१७ जानेवारी, शुक्रवार

काम फत्ते. मोटरसायकलवर गेलो, जीप लोक ओळखतात. सकाळची थंडी, म्हणून तोंडाला उपरणं गुंडाळलं. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. यवतला पोचेपर्यंत ऊन चढलं, पण उपरणं काढलं नाही.

तारणाच्या ऑफिसात एक तरतरीत मुलगी होती. "सर, फोटो काढायचाय, चेहरा मोकळा करा," म्हणाली. व्यवसाय विचारला. मी 'शेती' एवढंच सांगितलं. तिने पाटल्या घासून पाहिल्या, वजन केलं आणि चहा पिऊन होईपर्यंत पैसे खात्यावर आले. लोक उगाच घाबरतात.

बाहेर पडतो तर समोर बस थांब्यावर आमच्या गावचा हौसराव! हा दूध संकलन केंद्र चालवतो. गावचं दूध आणि गावच्या बातम्या दोन्ही ह्याच्याकडे जमा होतात. दूध तो थंड करून पुढे पाठवतो, बातम्या गरमच. मी पटकन उपरणं वर ओढलं आणि रसाच्या गाड्यामागे उभा राहिलो. नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून दोन ग्लास रस प्यालो. पुण्याची गाडी आली, तो चढून गेला. खिडकीतून त्याने हात हलवला, पण तो दुसऱ्या कुणाला तरी असावा. त्याने मला पाहिलं नाही, याची मला खात्री आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

ओटा फुटला. गोकुळने दोन तासांत वडिलांचं काम भुईसपाट केलं. मला भरून आलं. सौ.ला नाही आलं. ती पडवीत शेगडी मांडून खुर्चीवर बसली होती आणि भाकरी थापता थापता चक्क गुणगुणत होती.

एक गंमत. गोकुळने मला भिंतीला टेकून उभं केलं, कोपरातून हात वाकवायला लावला आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली. पेन्सिलीने भिंतीवर खूण केली. घर बांधताना मालकाच्या हाताचं माप घ्यायची जुनी रीत असणार. हल्लीच्या पोरांना असलं माहीत नसतं, म्हणून मी त्याचं कौतुक केलं. तो आणि सौ. एकमेकांकडे बघून हसले. कौतुक झालं की माणूस लाजतोच.

२४ जानेवारी, शुक्रवार

गावात मला फारच मान मिळू लागला आहे. चहाच्या टपरीवर गेलो तर सगळे गप्प झाले. एकाने बाक पुसून दिला. दुसऱ्याने विचारलं, "आप्पा, बरं हाय ना सगळं? काय अडचण असली तर सांगा बरं का." इतक्या आपुलकीने आजवर कुणी विचारलं नव्हतं.

बाळासो म्हणाला, दोन दिवसांत सातआठ जणांनी ठेवी मोडल्या. लग्नसराई आहे, लोकांना पैसा लागतो.

२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंडावंदन. नंतर मी बचतीच्या महत्त्वावर बोललो. टाळ्या कमी पडल्या. हौसराव पुढच्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

२७ जानेवारी, सोमवार



सकाळी पतसंस्थेसमोर रांग. मला वाटलं कसलं तरी अनुदान आलं. बाळासो मागच्या दाराने पळत आला. "आप्पा, समदी मोडायला आल्याती. चेअरमनच बुडालाय म्हणत्याती."

मी बाहेर गेलो, विचारलं, कोण म्हणतं? सगळे हौसरावाकडे बघायला लागले. तो बिचारा भोळेपणाने म्हणाला, "आप्पा, मी काय वाईट न्हाई बोललो. तुम्ही तोंड बांधून यवतला सोनं गहाण ठेवायला आल्ता, एवढंच सांगितलं. मी हात बी केला तुम्हाला. तुम्ही गाड्यामागं लपलात."

गर्दीतून एक जण ओरडला, "ज्याचं सोताचं दुकान, त्यो दुसऱ्याच्या दुकानात लपून जातोय. म्हंजी आपल्या दुकानात काय शिल्लकच न्हाई!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी तर तोंड झाकून अवलक्षण करून घेतलं.

पायरीवर उभा राहून बोललो. ऑडिटमध्ये 'अ' वर्ग आहे, वसुली उत्तम आहे, राखीव निधी भरपूर आहे. एक शब्द कुणी ऐकला नाही. रांग पुढे सरकतच राहिली. रांगेत साखरबाई होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीशी गेली, पैसे लुगड्याच्या ओच्यात बांधले आणि निघून गेली. बाकी सगळं मी सोसलं असतं.

बाळासो म्हणाला, आजचं भागलं, उद्यापुरतं जिल्ह्याच्या बँकेतून मागवलंय, परवाचं सांगता येत नाही. कुठलीच संस्था सगळ्यांचे पैसे कपाटात ठेवत नसते. ते कुणाच्या म्हशीत, कुणाच्या दुकानात, कुणाच्या पोरीच्या शिक्षणात फिरत असतात. हे गावाला कळतं, पण भीती वाटली की कळत नाही. सगळे एकदम आले तर चांगली चाललेली संस्था माझ्या डोळ्यांदेखत बंद पडेल, आणि कारण काय, तर माझं उपरणं.

सौ. म्हणाली, "मग सांगून टाका की, ओट्यासाठी ठेवलं म्हणून."

मी म्हटलं, चेअरमनने बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून ओटा बांधला, हे सांगू? उद्या मला गावात कोण विचारील?

"आज कोण इचारतंय?" ती म्हणाली.



२८ जानेवारी, मंगळवार

सगळं नीट लिहून ठेवतो.

आज रांग थेट मारुतीच्या देवळापर्यंत. नऊ वाजल्यापासून मी केबिनमध्ये बसून होतो. अकराच्या सुमारास खिडकीतून पाहतो तर सौ. येतेय. ती कधी संस्थेत येत नाही. देवळाच्या पायरीवर थोडा वेळ बसली, उठली. पुढे गिरणीच्या कट्ट्यावर परत बसली. रागाने दम लागला असावा. मग रांगेच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.

"ही बघा माझी मनगटं," ती म्हणाली. "मोकळी हायती. माझ्या पाटल्या यवतला तारण हायती. मीच दिल्या. का, तर माझा ओटा बांधायचाय. मोरीत बसवत न्हाई मला आता. आमचा चेअरमन चोर न्हाई, लाजाळू हाय. ज्याला खोटं वाटतंय त्यानं पैसे मागनं न्यावं. आधी माझ्यासंगं घरी यावं आन् डोळ्यांनी बघावं."

चारचौघांत चेअरमनला लाजाळू म्हटलेलं मला अजिबात आवडलं नाही. पण लोक हसले, आणि हसणारा माणूस रांगेत धड उभा राहत नाही. आधी बायका निघाल्या. बायका निघाल्यावर पुरुष जागेवर थांबून काय करणार? मी मागून गेलो, सगळ्यात शेवटी.

घरी जाऊन बघतो तर पाडलेल्या स्वयंपाकघरात वीसपंचवीस बायका. धुरळा, विटा, भिंतीला टेकवलेला ग्रॅनाइट. गोकुळ थापी हातात धरून कोपऱ्यात चेपलेला. मग एक म्हणाली, "शिंक खिडकीखाली घ्या." दुसरी म्हणाली, "खिडकीखाली न्हाई, पाणी उडतंय." तिसरीने गॅसची जागा बदलायला सांगितली. साखरबाई हातातल्या काठीने फुटक्या मोरीचा कडप्पा ठोकून म्हणाली, "ह्या मोरीनं माझ्या जावंचं कंबरडं मोडलं. बरं झालं फोडली." जाऊ म्हणजे माझी आई. आईचं कंबरडं दुखायचं, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

मग ती अंगणात आली, माझ्यासमोर उभी राहिली. "का रं पोपट, ओटा बांधायचा तर तोंड कशाला बांधलंस?"

अख्खं अंगण हसलं. मी खाली मान घातली. मग मलाही हसू आलं, आवरेना. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. सौ.ने पडवीत शेगडीवर चहा टाकला. कप पुरेनात, बायकांनी वाट्यांतून प्याला.

दुपारी साखरबाई ओच्यातली गाठ सोडत केबिनमध्ये येऊन बसली. "माझी मोडलेली पावती जोडून दे," म्हणाली. बाळासो म्हणाला, "आजी, मोडलेली जोडता येत न्हाई, नवी करावी लागंल." त्यावर ती म्हणाली, "मग नवी कर, पण व्याज जुन्याचं लाव." तिथे त्यांची जुंपली. बाहेर रांगेत आठदहा जण उरले होते. त्यांनी पैसे नेले. त्यांचा हक्क आहे. बाकीचे सगळे घरी गेले.

संस्था वाचली. माझ्या कालच्या भाषणाचाही थोडा परिणाम झालेला असावा.

२९ जानेवारी, बुधवार

नऊ तास झोपलो.

३ फेब्रुवारी, सोमवार

सौ.चा आग्रह, आता जे करायचं ते उजेडात करायचं. म्हणून आज माझ्या ठेवीवर रीतसर कर्ज काढलं. अर्ज मी खिडकीवर, रांगेत उभं राहून दिला. त्यातून यवतचं तारण सोडवायचं आणि उसाचं बिल आलं की हे फेडायचं. पाइपलाइन एक वर्ष थांबेल. उसाने इतकी वर्षं जुन्या पाइपातून पाणी प्यायलं आहे.

बाळासोला म्हटलं, फळ्यावर लाव. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मी स्वतः खडू घेतला आणि लिहिलं: 'चेअरमन यांनी स्वतःच्या ठेवीवर कर्ज घेतले आहे. कारण: घरचा ओटा.'

दिवसभर लोक येऊन वाचून गेले. संध्याकाळी टपरीवर मी काय ऐकावं? "चेअरमन आपल्याच संस्थेतून कर्ज घेतोय, म्हंजी संस्थेत पैसा हाय." ज्या गोष्टीला भिऊन मी नदी ओलांडली, तिनेच लोकांचा जीव भांड्यात पडला. गेल्या आठवड्यात ठेव मोडून गेलेले तिघे परत आले. नदी ओलांडायची काही गरज नव्हती, एवढं मी इथे लिहून ठेवतो. फळ्यावर लिहिणार नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सौ.ला घेऊन जीपने यवतला गेलो. उपरणं खांद्यावर. तारणाच्या ऑफिसातल्या मुलीने ओळखलं नाही, मग म्हणाली, "ओह सर, तुम्ही होय!" सौ.ने तिथेच पाटल्या हातात घातल्या आणि मनगट फिरवून पाहिलं. छान दिसत होती.

परत निघालो तर म्हणाली, "माझं एक काम हाय, अर्धा तास थांबा." हायवेच्या कडेला हाडांच्या डॉक्टरचा दवाखाना आहे, त्यात गेली. तिच्या भिशीतल्या कुणाची तरी सून तिथे नर्स असावी. बायकांच्या गप्पा, अर्ध्याचा सव्वा तास झाला. येताना हातात मोठं पाकीट होतं. विचारलं तर म्हणाली, "फोटू हायती." कसले म्हणून विचारलं तर हसली. मी तोवर त्याच गाड्यावर रस प्यालो, ह्या वेळी पुढच्या बाजूला उभा राहून. गाडेवाल्याने मला ओळखलं.

१२ मार्च, बुधवार

उसाचं बिल जमा. कर्ज फेडलं. फळ्यावरची ओळ पुसायला गेलो तर बाळासो म्हणाला, "राहू द्या आप्पा. लोक बघून ठेवी ठेवत्याती." त्याखाली फक्त 'फेडले' असं लिहिलं.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. काम पूर्ण. फरशी पांढरी, ग्रॅनाइट काळा, नळ फिरवला की पाणी सिंकात. ट्रॉली ढकलली की आवाज न करता आत जाते. मी ती बऱ्याच वेळा ढकलली.

मग सौ. ओट्यापाशी उभी राहिली आणि माझ्या लक्षात आलं. ओटा उंच! तिचे कोपर वर, खांदे कानाला लागायला आलेले, कढईत काय शिजतंय ते दिसायला टाचा उचलाव्या लागतील. माझं डोकं सणकलं. गोकुळला फोन करून बोलावलं. म्हटलं, शहाण्या, एवढा पैसा घालून एवढं साधं माप चुकतं कसं? बाईमाणसाचा ओटा हा असा असतो का?

गोकुळ सौ.कडे बघायला लागला. म्हणाला, "वैनी, सांगा आता तुम्हीच."

सौ. खुर्चीवर बसली. "माप चुकलं न्हाई," म्हणाली. "तुमच्या कोपराचं माप हाय. भिंतीवर खूण केली हुती, इसरलात व्हय?"

मी भिंतीवर ती खूण शोधू लागलो.

"सात एप्रिलला माझा डावा गुडघा बदलायचाय. पुण्याला. समदं ठरलंय, विश्वजीतच्या कंपनीच्या इन्शुरन्समधून हुतंय. दिवाळीनंतर उजवा. मला लई दिवस उभं राहता यायचं न्हाई. अनिता सुट्टीला यील चार दिवस, पर तिची बी नोकरी हाय. मग चूल कोण बघणार?"

भिंतीला धरून उठणं, स्टूल, देवळाची पायरी, गिरणीचा कट्टा, पाकिटातले फोटो. सगळं ह्याच डायरीत माझ्याच हाताने लिहिलेलं आहे. मी मागची पानं चाळून पाहिली. मोठा नोंद ठेवणारा!

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? पोराला माहीत, सून अनिताला माहीत, मिस्त्रीला माहीत.

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मग ओटा कशाला, बाई लावू सैपाकाला. आन् झाकून ठेवायचं मी तुमच्याकडनंच शिकले."

गोकुळ हत्यारं गोळा करतोय असं दाखवत बाहेर गेला. मी तिच्या शेजारी खाली, नव्या फरशीवर बसलो. फार दुखतं का, विचारलं. म्हणाली, "दुखतंय की." इतकंच. आजवर मी हे विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि तारीख ठरलेली आहे म्हणून तितकंच बरंही वाटलं. मग उठलो. उठताना मला काही धरावं लागलं नाही. नव्या ओट्यावर पहिला चहा मी केला. कोपर बरोबर बसतं. गोकुळचं माप अचूक आहे.

३० मार्च, रविवार. पाडवा

बायका ओटा बघायला आल्या. सगळ्यांना तो उंच वाटला. मी आमटी ढवळत होतो. साखरबाईने दारातून पाहिलं, काठी टेकली आणि म्हणाली, "आता हे गावाला सांगायचं का झाकायचं?"

म्हटलं, "चुलती, फळ्यावर लाव."

१९ एप्रिल, शनिवार

ऑपरेशन उत्तम झालं. सौ. घरी येऊन आठवडा झाला. विश्वजीत दर रविवारी येतो, अनिता मला फोनवर फोडणी सांगते. माझं पिठलं आता गुठळ्यांशिवाय होतं. भाकरीचा नकाशा होतो, पण पोटात गेल्यावर कुठलाही नकाशा सारखाच. संस्थेत मी अकरानंतर जातो. बाळासोने विचारलं, "आप्पा, उशीर?" म्हटलं, कुकर लावून आलो. त्याने ते गावभर केलं. करू दे.

आज सकाळी मी कांदा चिरत होतो. मागे टक् टक् आवाज आला. सौ. वॉकर धरून, एकेक पाऊल टाकत, स्वतःच्या पायाने स्वयंपाकघरात आली. भिंतीला न धरता. मी सुरी खाली ठेवली. डोळे ओले झाले ते कांद्याने नाहीत, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही.

ती ओट्यापाशी उभी राहिली. हात वर ठेवून पाहिला. ओटा तिच्या छातीला लागला.

मी म्हटलं, "तू वॉकरशिवाय चालायला लागलीस की गोकुळला सांगून तुझ्या मापाचा करून घेऊ. एक थर काढला की झालं. नाहीतर खाली एक पाट करून देतो उभं राहायला."

तिने ग्रॅनाइटवरून हात फिरवला. पाटल्या वाजल्या. मग वॉकर वळवला आणि खुर्चीकडे निघाली.

"नको," म्हणाली. "उंच हाय त्येच बरं हाय."